डोळे कुणाच्या नावावर

आमच्या हरेशला इन्कम टॅक्स भरायची भारी हौस. लोक टॅक्स चुकावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात, हा भरून मिरवायचा. कुणी घरपट्टी वाढली म्हणून कुरकुर केली की हा लगेच, "घरपट्टीचं काय घेऊन बसलात, मी इन्कम टॅक्स भरतो." तेराव्याच्या जेवणाला गेला तर तिथंही पंगतीत सांगून आला. गेलेल्या माणसाचं नाव राहिलं बाजूला, याच्या टॅक्सचं कौतुक चाललंय. त्यात एका पंधरा ऑगस्टला सरपंचांनी त्याला झेंड्यासमोर पहिल्या रांगेत खुर्ची दिली आणि माईकवरून "आपल्या गावचे करदाते" म्हणून नाव घेतलं. झालं! तेव्हापासून पोरगं जमिनीला पाय लावेना.

मी सांगते त्या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली असतील. जुलै संपत आला होता. आम्ही पेणच्या बाजूचे, शाडूचे गणपती करणारे. आमच्याकडं जुलै म्हणजे जेवायला बसलेला माणूस हात धुवायला उठत नाही, सरळ रंगात हात घालतो. पडवीत, ओटीवर, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मूर्ती. बाहेर पाऊस, आत ओली माती, वाळवायला लावलेले दिवे आणि पंखे. आणि नेमकी त्याच महिन्याच्या शेवटी सरकारची रिटर्न भरायची तारीख. गणपतीवाल्यांना विचारून ठेवली असती तर बरं झालं असतं.

कारखान्यातलं कुणी पेणला जाऊ शकत नाही, म्हणून ठोसर वकील स्वतःच छत्री घेऊन यायचे. कोर्टातले नव्हेत, टॅक्सचे. पण आम्ही वकीलच म्हणतो. पडवीत खुर्ची टाकायची, गळणाऱ्या कौलाखालून जरा बाजूला, आणि मांडीवर लॅपटॉप.

"हरेशराव, टॅक्स यंदा गेल्या वर्षापेक्षा जास्त येतोय," ते म्हणाले.

"येऊ दे की!" हरेशचा चेहरा असा फुलला की जणू मुलगा झाला. "आई, ऐकलंस का? वाढला!"

"ऐकलं. साखर वाटू का?" मी म्हटलं. टॅक्स वाढला म्हणून नाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"बाहेरच्या कारखान्यांचं काम वाढलंय तुमचं," वकील म्हणाले. "डोळ्यांचं. त्यानं वाढला."

आता हे डोळ्यांचं काम काय, ते सांगते. मूर्ती साच्यातून निघते, सुकते, रंगते, दागिने होतात. डोळे सगळ्यांत शेवटी आखायचे. तोवर ती नुसती माती, तिच्यासमोर आपण भांडतो, शिव्याही देतो. डोळे झाले की आपला आवाज आपोआप खाली येतो. ते काम घरातल्या एकाच हाताचं असतं. आधी माझ्या सासूचं, मग माझं. माझ्या नजरेला पडदा आला तेव्हा मी ब्रश सुनेच्या हातात दिला, जयवंतीच्या. आणि सांगायला काही लाज नाही, तिचा हात माझ्यापेक्षा वर गेला. तिच्या तोंडावर मी हे कधी म्हटलं नाही. सुनेचं कौतुक तोंडावर केलं की भाजीत मीठ कमी पडायला लागतं. पाच गावचे कारखानदार आपल्या मूर्ती टेम्पोत घालून तिच्याकडं डोळे काढायला आणायचे. पैसे मात्र फोनवरून हरेशच्या खात्यात.

"आणि वहिनींचं काय लिहायचं?" वकिलांनी विचारलं.

"तिचं काय असणार? गृहिणी," हरेश म्हणाला.

गृहिणी तिथंच, पाच हातांवर, पाटावर मांडी घालून एका मोठ्या मूर्तीची भुवई ओढत होती. तिचा ब्रश थांबला नाही. पण मान एवढीशी वळली, ती मी बघितली.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. चिखलातून उड्या मारत एक बाई आत आली. पस्तिशीची, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. तिनं आधी मूर्तींना नमस्कार केला, मग माणसांना. मला आवडली.

"मी मानसी बेहेरे. पुण्यात माझं शाडूच्या मूर्तींचं दुकान आहे. गेल्या वर्षी एका मंडळात एक मूर्ती बघितली. तिचे डोळे डोक्यातून जाईनात. विचारत विचारत इथवर आले. ते डोळे इथले ना?"

"इथलेच!" हरेशनं गोणीवरचं पोतं झटकून तिला बसायला दिलं. "बसा मॅडम. जयवंती, चहा टाक गं."

जयवंती ब्रश ठेवून उठली.

"मला माझ्या दुकानातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे तुमच्याकडूनच हवेत," बाई म्हणाली. "यंदा, पुढल्या वर्षी, दरवर्षी. आजच ठरवायचं. नाहीतर संध्याकाळी मला दुसरा कारखाना बघावा लागेल, दिवस कुठं उरलेत? मूर्तीबरोबर मी एक छोटं कार्ड देते. कलाकाराचं नाव, फोटो, गाव. आणि पैसे त्याच कलाकाराच्या खात्यात जातील, थोडा टॅक्स कापून. तर नाव कुणाचं लिहू?"

मी हरेशकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी म्हणेल.

"हरेश्वर गावंड," हा म्हणाला. छाती पुढं काढून. "पॅन नंबर पण देतो. मी टॅक्स भरतो मॅडम, आमचं सगळं चोख असतं."

"वा," बाई म्हणाली. "मग तुम्हीच एका मूर्तीचे डोळे काढून दाखवा ना. मला हात बघायचाय. फोटोही तसाच घेते, काम करताना."

ठोसर वकिलांनी लॅपटॉपमध्ये मान घातली. हरेशनं माझ्याकडं बघितलं, लहानपणी विहिरीत उतरायच्या आधी बघायचा तसं.

मी पाट पुढं सरकवला. "बस ना. मॅडम थांबल्यात."

"आई, आत्ता हात ओले आहेत माझे…"

"पूस. टॉवेल तुझ्या खांद्यावरच आहे."

खरं सांगते, हरेशचा हात वाईट नाही. साच्यात शाडू दाबायला त्याच्यासारखा माणूस पाच गावांत नाही. त्याच्या साच्यातून मूर्ती निघते तिला कान मोडलेला नसतो, बोट तुटलेलं नसतं. पण साचा वेगळा आणि डोळा वेगळा. त्यानं तो केसाएवढा ब्रश असा धरला की जशी काही नारळ सोलायची कोयती.

उजवी पापणी ओढली. बरी उतरली. म्हटलं, निभावतोय की काय मेला! बाई पुढं वाकून बघतेय, मोबाइल वर धरलेला. जयवंती दारात कपबशा घेऊन उभी, चहाचा वाफारा तिच्या तोंडावर. हरेशनं बुबुळ काढलं, तेही जमलं. मग त्यानं जोरात श्वास सोडला. आता डोळे आखणारा कधी श्वास सोडून हात उचलत नाही, हे पोराला कुठून ठाऊक? डावं बुबुळ काढताना हात सुटला. सावरायला गेला तसं ते आणखी पसरलं.

एक डोळा आमच्या पडवीकडं बघत होता. दुसरा थेट अलिबागला.

वकिलांनी सवयीनं हात जोडले होते, मूर्तीकडं नीट बघितलं आणि हळूच हात खाली घेतले.

बाईनं मोबाइल पिशवीत टाकला. चपला शोधायला लागली.

"मॅडम, थांबा, थांबा," हरेश उठला. मांडीवर काळा रंग सांडलेला. "आज जरा नजर… ही करून देईल की. जयवंती, ये गं, जरा नीट करून दे."

जयवंतीनं कपबशा खाली ठेवल्या. पाटावर आली. ओल्या फडक्यानं त्यानं काढलेले डोळे पुसले, हलक्या हातानं, मूर्तीचा गाल न दुखवता. ब्रश उचलला. आणि थांबली.

"करते," ती म्हणाली. "पण नाव माझं लिहा."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण ह्या पोरीचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. पण त्यात मागं वळायला जागा नव्हती.

"नावाचं काय एवढं?" हरेश हसायला गेला. "घर एकच ना?"

"एकच आहे तर माझं लिहायला काय जातंय?"

"अगं, पण…"

"बँकेत गेले होते मी," जयवंती म्हणाली. ते मला सांगत होती की त्याला, कळेना. "मागच्या पडवीला एक खोली बांधायची. उजेडाची. डोळे तिथं काढता येतील, इथं प्रत्येक मूर्तीवर कुणाची ना कुणाची सावली पडते. कर्ज मागितलं. साहेब म्हणाले, तुमची कमाई कागदावर कुठंय? म्हटलं, पाच गावांत विचारा. ते म्हणाले, गावात नाही, रिटर्नमध्ये दाखवा. आणि रिटर्नमध्ये मी कोण? गृहिणी."

ही बँकेत कधी गेली? मला पत्ता नाही! माझ्या घरात माझ्या नकळत माशी शिंकत नाही. मी रागावणार होते, पण राग काही येईना.

हरेश वकिलांकडं वळला. "हिच्या नावावर पैसे आले तर हिलाही टॅक्स बसणार! एका घरात दोन दोन टॅक्स? सांगा हिला, वकील."

"बसणार नाही," ठोसर म्हणाले.

"कसा नाही?"

"तुम्ही समजताय, घर एक म्हणून रिटर्न एक. घरपट्टीसारखं. तसं नसतं. इन्कम टॅक्स घराला नसतो, माणसाला असतो. कमावणाऱ्या प्रत्येक माणसाला सरकारनं एक माप मोकळं सोडलंय. तेवढ्या कमाईपर्यंत टॅक्स नाही. त्याच्या जरा वर गेलं, तरी एका मर्यादेपर्यंत काय होतं, की कागदावर टॅक्स निघतो आणि सरकारच तेवढी सूट देऊन तो शून्य करतं. नोकरीच हवी असं नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही आहे ते."

"म्हणजे रेशनच्या साखरेसारखं?" मी विचारलं. "माणशी?"

"बरोबर काकू, माणशी. फक्त रेशनवर सगळ्यांची साखर एकानं आणलेली चालते. इथं नाही. ज्याचं माप त्यानंच भरायचं. ह्या वहिनींचं माप दरवर्षी रिकामं परत जातं. ते उरलं म्हणून हरेशरावांना मिळत नाही. आणि यांच्या मापात दोघांची कमाई ओतल्यावर ते सांडणारच. जे सांडतं त्यावर हे टॅक्स भरतात."

"मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" हरेश तडकला.

"दरवर्षी विचारतो, वहिनींचं काय लिहू? तुम्ही म्हणता गृहिणी. वहिनी मदतीला बसतात, डोळ्यांचं काम तुमचंच, असं मी धरून चाललो होतो." वकिलांनी पुसलेल्या मूर्तीकडं बघितलं. "आजपर्यंत."

बेहेरे बाई खुदकन हसली. चपला तिनं परत खाली ठेवल्या होत्या.

"बरं, मग असं करू," हरेशला एकदम सुचलं. "थोडं हिच्या नावावर, थोडं आईच्या, थोडं शाळेतल्या आमच्या पोरीच्या! चार मापं होतील."

"मला मधे घेऊ नकोस," मी म्हटलं. "मी कित्येक वर्षं ब्रश धरला नाही."

"तसं चालतच नाही," ठोसर म्हणाले. "मोकळं माप आहे म्हणून कुणाचंही नाव घालायचं नाही. कष्ट ज्याचे, कमाई त्याची, रिटर्नही त्याचं. वहिनींचं तसं आहे, म्हणून त्यांच्या नावावर. आणि वहिनी, टॅक्स शून्य आला तरी रिटर्न भरायचं बरं का. तुम्ही भरलं नाही तर ह्या मॅडम जे कापतील ते परत मिळणार नाही, आणि बँकेतला साहेब पुन्हा तेच विचारील."

"पॅन कार्ड आहे माझं," जयवंती म्हणाली. "बचत गटासाठी काढलं होतं. खातंही आहे."

हरेशला आता घाम फुटला. आणि माझ्या पोराला मी ओळखते, घाम पैशासाठी नव्हता. त्यानं वकिलांना हळूच विचारलं, "डोळ्यांचं तिकडं गेल्यावर माझा किती येईल?"

वकिलांनी बोटं चालवली. "साच्याचं आणि विक्रीचं तेवढं राहतं. तुमच्या मापात बसतंय ते. शून्य."

"शून्य?"

"शून्य. दोघांचंही शून्य. अभिनंदन!"

एवढं दुःख मी त्याच्या तोंडावर माझ्या सासऱ्यांच्या मयताला बघितलं नव्हतं. "अहो पण… काहीतरी येऊ द्या. थोडं तरी! सरपंचांना काय सांगू? पंधरा ऑगस्टला…"

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवाज आलाच. जयवंतीही हसली, आणि तिचं हसणं बघून बेहेरे बाई. वकील बिचारे लॅपटॉपशी हसत होते. एकटा हरेश तेवढा उभा, मांडीवर काळा डाग घेऊन.

मग तो माझ्याकडं आला. शेवटचं पान टाकायला. "आई, तू बोल. घरात दोन खाती झाली की घर फुटतं. आजवर ह्या कारखान्याचं तू म्हणशील तेच झालंय. तू म्हण, म्हणजे संपलं."

सगळे माझ्याकडं बघत होते. जयवंती पाटावर, ब्रश हातात. तिनं विनवणी केली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मूर्तीच्या कोऱ्या डोळ्यांकडं बघत बसली. मी नाही म्हटलं असतं तर ती उठून चुलीकडं गेली असती, आणि पुण्याची बाई पुण्याला. आणि उद्यापासून पाच गावच्या मूर्ती आमच्या अंगणात तशाच आंधळ्या.

मी म्हटलं, "तुझी आजी डोळे काढायची, तेव्हा तुझे आजोबा कारखान्याचे मालक. बायको त्यांची, कारखाना त्यांचा. तरी दिवेलागणीच्या आत तिच्या डोळ्यांचे पैसे ते तिच्या तळहातावर ठेवायचे. मला नाही, दिराला नाही, तिच्याच हातावर. विसरले तर ती दुसऱ्या दिवशी पाटावर बसायची नाही. म्हणायची, हात बसत नाही. मला मिळाले ते तसेच मिळाले. घर फुटलं का आमचं? तुझा फोन आला आणि तळहात गेला."

"आई, तो रिवाज झाला. हा कायदा…"

"कायद्याला आत्ता कळलं, तुझ्या आजीला आधी ठाऊक होतं." मी बेहेरे बाईकडं वळले. "लिहा हो मॅडम. जयवंती हरेश्वर गावंड. फोटो काढताना पाठीमागचा तो मोडका पंखा येऊ देऊ नका."

मग तिनं डोळे काढले.

मी कितीदा बघितलंय, पण त्या दिवशीचं वेगळं. श्वास आत घेतला, धरला, आणि हात वर नेला. उजवी पापणी, डावी पापणी. बुबुळं एका लयीत. मग पांढऱ्याचा एक ठिपका ह्या डोळ्यात, एक त्या डोळ्यात. कौलातून पाणी टपकत होतं तेही मला ऐकू येईना. तिनं श्वास सोडला तेव्हा समोर मूर्ती नव्हती, कुणीतरी बसलं होतं. वकिलांचे हात ह्या वेळी आपोआप जोडले गेले, आणि खाली आले नाहीत.

बेहेरे बाईच्या डोळ्यांत पाणी. "हेच," ती म्हणाली. "हेच डोळे."

मग काय धांदल उडाली! वकिलांनी जयवंतीचं पॅन कार्ड मागितलं, ती डब्यातून काढून आणते तोवर बाईचा फोन लागला, "सापडली, सापडली, नाव लिहून घ्या" म्हणून ती पुण्याला ओरडतेय, चहा गार झालेला, मी तो तसाच सगळ्यांना पाजला. वकिलांनी विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" जयवंतीला सुचेना. मी म्हटलं, "मूर्तिकार लिहा." ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "बघतेस काय, खोटं आहे का?"

एवढंच. तिच्या तोंडावर केलेलं माझं पहिलं कौतुक.

बाईची गाडी गेली. हरेश शाडूच्या गोणीवर बसला होता, चेहरा असा की जणू गणपती बुडवून आलाय.

"म्हणजे आई," तो म्हणाला, "इतकी वर्षं मी जो टॅक्स भरला…"

"तो तिच्या हाताचा होता."

"आणि माझं स्वतःचं शून्य."

त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला असता तर तो पुन्हा फुगला असता. त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"हरेश, लाजू नकोस. तुझं शून्य आहे ते निदान तुझं तरी आहे. उद्या हिचा धंदा वाढला, माप सांडलं, हिला टॅक्स आला, तर खुशाल गावभर मिरव. पण तेव्हा 'मी भरतो' म्हणायचं नाही. 'माझी बायको भरते' म्हणायचं. आणि म्हणताना तिच्या मागं उभं राहायचं, पुढं नाही."